उसनी कुऱ्हाड

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७, ३८-४४, ६:१-७



उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की आपल्या एखाद्या मंडळीत निरोपाची उपासना होते. मंडळीतला एक तरुण किंवा तरुणी ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणासाठी सेमिनरीत निघालेली असते. पाळकसाहेब मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करतात, पंचकमिटी एक पाकीट देते, महिला मंडळ हार घालते, आई डोळे पुसते. त्या सकाळी आपणा सर्वांना वाटते की आपले कर्तव्य झाले. पण गाडी सुटल्यानंतरच्या दिवसांचे काय ? या महिन्यात आपण त्या दिवसांचा विचार करू.

पवित्र शास्त्रात अशाच एका शाळेची हकिकत आहे. अलीशा संदेष्ट्याजवळ राहून शिकणाऱ्यांना तेथे 'संदेष्ट्यांचे शिष्य' म्हटले आहे. या शाळेत कोणते पाठ दिले जात, कोणत्या परीक्षा होत, हे आपल्याला वरील वचनांत सापडत नाही. मग सापडते काय ? एका विधवेचे कर्ज, एक भाजीचे भांडे, अपुरी पडलेली जागा आणि पाण्यात पडलेली कुऱ्हाड ! आत्म्याच्या प्रेरणेने लिहिणाऱ्याला या गोष्टी क्षुल्लक वाटल्या नाहीत. आपल्यालाही त्या तशा वाटू नयेत.

पहिली गोष्ट कर्जाची. एक शिष्य वारला. तो देवाचे भय बाळगणारा होता, पण मागे कर्ज ठेवून गेला, आणि सावकार त्याच्या दोन मुलांना दास करून नेण्यासाठी दाराशी आला. अलीशाने त्या बाईला, तुझा नवरा कर्जात का बुडाला, असे विचारले नाही. तुझ्यासाठी काय करू आणि तुझ्या घरात काय आहे, एवढेच विचारले. सेवेसाठी निघालेल्या माणसाच्या मागे त्याचे घर असते. आपण विद्यार्थ्यासाठी प्रार्थना करतो, पण त्याच्या पत्नीचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते ?

दुसरी गोष्ट भांड्याची. गिलगालात दुष्काळ होता. कोणीतरी रानात जाऊन न ओळखता कडू, विषारी फळे आणली आणि ती सर्वांच्या भांड्यात चिरून टाकली. चूक एकाची, पण जेवण सर्वांचे होते. अलीशाने चुकणाऱ्याला शाळेबाहेर घातले नाही. त्याने पीठ मागवले, ते भांड्यात टाकले आणि सर्वांना वाढायला सांगितले.

त्याच दुष्काळात बआल-शालीशा गावाहून एक माणूस आला. त्याचे नावही शास्त्राने दिलेले नाही. प्रथमउपजाच्या जवाच्या वीस भाकरी आणि कोवळी कणसे त्याने आणली. नियमशास्त्राप्रमाणे प्रथमउपज याजकाचा होता (गणना १८:१३). या माणसाने तो देवाच्या माणसाकडे आणला, आणि अलीशाने तो आपल्यापुरता न ठेवता शंभर जणांच्या पंगतीत वाढायला लावला. सर्वजण जेवले आणि उरलेही. वाचकहो, हा अनाम गृहस्थ म्हणजे आपण, म्हणजे मंडळी.

शेवटची गोष्ट कुऱ्हाडीची. राहायची जागा अपुरी पडली म्हणून शिष्य यार्देनेकाठी लाकडे तोडायला गेले, आणि त्यांच्या विनंतीवरून अलीशाही बरोबर गेला. एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून पाण्यात पडले. तो ओरडला, कारण ती कुऱ्हाड उसनी आणलेली होती. त्या काळी लोखंड सहज मिळणारे नव्हते, आणि उसनी वस्तू बिघडली तर भरपाई करावी असा नियम होता (निर्गम २२:१४). तो सर्वांच्या घरासाठी राबत होता, पण देणे मात्र त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आले असते. देवाच्या माणसाने हलगर्जीपणाबद्दल त्याला बोल लावला नाही. ते कोठे पडले, असा एकच प्रश्न त्याने केला. आज आम्हाला याच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधायचे आहे.

आम्ही स्वतः सेमिनरीत शिकत होतो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या खोलीत दूरच्या मराठी मंडळीतून आलेला एक बंधू राहत असे. दर शुक्रवारी संध्याकाळी तो भोजनगृहात येत नसे. उपास आहे म्हणून सांगे. पुढे बुधवारीही येईना, आणि मग आठवड्यातून चार-चार दिवस येईना. आम्हाला त्याच्या भक्तीचे मोठे कौतुक वाटे. प्रार्थनासभेत आम्ही त्याचे उदाहरणही दिले. दिवाळीच्या सुट्टीत तो गावी गेला तो परत आलाच नाही. नंतर स्वयंपाकघरातल्या मावशींनी सांगितले की त्याचे तीन महिन्यांचे मेसचे पैसे थकले होते आणि पानावर बसायला त्याला लाज वाटत असे. रात्री मागच्या दाराशी त्या त्याला भाकरी-चटणी देत असत. आम्हाला हे कळले तेव्हा आमची मान खाली गेली. त्याच सत्रात एकमेकांची ओझी वाहण्याविषयीचे वचन (गलती ६:२) आम्ही ग्रीक भाषेतून अभ्यासले होते आणि परीक्षेत चांगले गुण मिळवले होते. भिंतीपलीकडचे ओझे मात्र आम्हाला दिसले नाही. त्याच्या मंडळीने हार घालून त्याला पाठवले होते, पण नंतर एकही पत्र धाडले नव्हते. शिक्षकांनी विचारले नाही, आम्ही विचारले नाही, आणि तोही ओरडला नाही. कुऱ्हाड बुडाली ती बुडालीच.

असे होऊ नये म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी काय केले, तेही पाहू. इ. स. १८०० मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी एकत्र राहायला सुरुवात केली. घर एक, पंगत एक, थैलीही एकच. केरीसाहेबांना फोर्ट विल्यम कॉलेजात पगार मिळे, तोही या थैलीत जाई. हॅना मार्शमनबाई बोर्डिंग शाळा चालवीत, घर सांभाळीत आणि केरींच्या मुलांवर आईसारखी माया करीत. दर शनिवारी संध्याकाळी सर्वजण बसून आठवड्यातले मतभेद मिटवीत. याच घरातून १८०५ मध्ये केरींचे मराठी व्याकरण आणि १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. १८१८ मध्ये तेथेच सेरामपूर कॉलेज उभे राहिले. आजही आपल्या देशातील अनेक सेमिनऱ्यांच्या पदव्या सेरामपूरच्या सिनेटकडून मिळतात. पुढे तेथेही जुन्या-नव्या मिशनऱ्यांत फूट पडली, हे खरे. तरी आपल्या भाषेतले वचन एका पंगतीच्या घरातून आपल्या हाती आले, हे आपण विसरू नये.

तर मग आपण काय करावे ?

बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या मराठी मंडळ्या काही फार मोठ्या नाहीत. आपला विद्यार्थी पुण्याला किंवा बंगळूरला जातो, तेथे बहुधा इंग्रजीतून शिकतो, आणि पहिल्या वर्षी वर्गात गप्प बसतो. त्याला दरमहा एक मराठी पत्र गेले पाहिजे. कापणीच्या सणाला वेदीपुढे येणाऱ्या दानातला एक वाटा त्याच्या पानासाठी काढून ठेवावा. पंचकमिटीने वर्षातून एकदा तरी स्वतः जाऊन त्याची जागा, त्याचे जेवण, त्याचे देणे पाहून यावे. तो विवाहित असेल तर त्याच्या पत्नीमुलांचा समाचार महिला मंडळाने घ्यावा.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विशेष विनंती आहे. त्या विद्यार्थ्याने पहिले सुवर्णवचन तुमच्याकडेच पाठ केले. तुमच्या वर्गातली मुले त्याला पत्रे लिहोत, त्याच्या वाढदिवशी प्रार्थना करोत. अशाने मुलांनाही कळेल की मंडळी ज्याला पाठवते त्याला सोडत नाही.

आणि सेमिनरीत शिकणाऱ्या बंधुभगिनींनो, कुऱ्हाड पडली तर ओरडा. उपासाच्या नावाखाली भूक लपवू नका. त्या शिष्याने लाज धरली असती तर लोखंड तळाशीच राहिले असते.

प्रार्थना : हे प्रभो, तू आपल्या शिष्यांबरोबर जेवलास आणि त्यांचे पाय धुतलेस. आमच्यातून सेवेसाठी निघालेल्यांची भूक, कर्ज आणि एकटेपण पाहण्यास आम्हाला डोळे दे. कोठे पडले, असे विचारण्याची प्रीती आमच्यात घाल, आणि उत्तर ऐकून हात पुढे करण्याचे धैर्य दे. आमेन.