नोकरीचा कंटाळा, म्हणजे नेमका कशाचा?

वसईच्या पापडीतून रिक्षाने वसई रोड गाठायचं, विरारहून भरून आलेल्या फास्ट लोकलमध्ये घुसायचं की वसईवरून सुटणाऱ्या गाडीची वाट पाहायची ते ठरवायचं, संध्याकाळी हेच उलट्या दिशेने. तिशीच्या आसपास असा रोज जाणारा एखादा म्हणतो, "आता नाही जमत. कॉम्प्युटरमध्ये जावं म्हणतो." घरचे म्हणतात, "मग क्लास लाव." विटलायस कशाला, कामाला, साहेबाला, पगाराला की गाडीला, हे मात्र कुणी विचारत नाही. गाडीला विटला असेल तर अंधेरीच्या सीप्झमधल्या किंवा मालाडच्या माइंडस्पेसमधल्या कॉम्प्युटर कंपनीतही त्याच गाडीने जायचंय.

शिवाय 'कॉम्प्युटर' हा एक धंदा नव्हे. प्रोग्रॅम लिहिणारा, तो तपासणारा, सर्व्हर सांभाळणारा, आकडेवारीतून अर्थ काढणारा, या चौघांचे दिवस वेगवेगळे जातात. त्यातला कुठला आपला, हे क्लासच्या माहितीपत्रकात सापडत नाही. माझ्या मते ते आजच्या टेबलावरच शोधावं.

बँकेतलं टेबलच घ्या. पापडीतच मुख्यालय असलेली बॅसीन कॅथॉलिक बँक 1918ची. पुढे देशभरच्या बँकांमध्ये खतावण्यांच्या जागी संगणक आले.  पण कर्जाच्या व्याजाचा प्रोग्रॅम लिहायला प्रोग्रॅमिंगची भाषा येऊन भागत नाही. हप्ता चुकला, कर्ज मुदतीआधी फिटलं, मध्येच दर बदलला, तर काय करायचं हे काउंटरवर वर्षं घालवलेल्यालाच ठाऊक असतं. असा माणूस या क्षेत्रात कोराच उतरतो, असं समजणं मला चुकीचं वाटतं.

फकीरचंद कोहलींचंच पाहा. ते वीज क्षेत्रातले इंजिनिअर. टाटा इलेक्ट्रिकमध्ये वीजजाळ्याच्या नियंत्रणासाठी त्यांनी संगणक वापरला आणि 1969मध्ये ते टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीत आले. विजेचं ज्ञान त्यांनी मागे टाकलं नव्हतं. संगणकाशी त्यांची ओळख झाली ती त्या कामातूनच.

आता शिकण्याच्या वाटांविषयी. एमएस-सीआयटी ही संगणक-साक्षरता आहे. तिच्या बळावर प्रोग्रॅमरची नोकरी मागू नये. सी-डॅक या संस्थेचा डीएसी अभ्यासक्रम पूर्णवेळ, साधारण सहा महिन्यांचा आणि प्रवेशपरीक्षा देऊन मिळणारा. म्हणजे आधी राजीनामा, आणि घरात दुसरा पगार असेल तरच हे झेपतं. नोकरी सांभाळून शिकायचं तर इग्नूचं एमसीए आहे. आयआयटी मद्रासने 2020मध्ये सुरू केलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, त्याला जेईई लागत नाही. पण दिवसाचे तीनेक तास प्रवासात घालवून रात्री गणित सोडवायचं, हे ऐकायला सोपं वाटतं तेवढं नाही. अशा वेळी घरच्यांनी भाजी-बाजार उरकून टाकला तरी मोठी मदत होते.

फी भरण्याआधी एक करून बघावं. दर महिन्याला कंटाळत भरतो तो ऑफिसातला एखादा तक्ता घ्यावा आणि पायथॉन भाषेत प्रोग्रॅम लिहून त्याच्याकडून तो तक्ता भरून घ्यायचा प्रयत्न करावा. ग्राहकांची माहिती घरी आणू नये, खोट्या आकड्यांवर करावं. चूक सापडेना म्हणून चिडचिड होईल, ती सगळ्यांची होते. जेवून उठल्यावर पाय आपसूक पुन्हा त्याच चुकीकडे वळतात का, एवढंच पाहायचं. वळत असतील तर खुशाल फी भरावी. तक्ता जमला, पण जीव नकोसा झाला, तर प्रोग्रॅम साहेबाला दाखवावा आणि त्याच भेटीत वसईच्या शाखेत बदली मागावी.