नमुन्याची सही

गाणं ऐकणारे लोक दोन प्रकारचे असतात. काही गाणं ऐकतात, काही गाण्याचा ताळेबंद मांडतात. मी बी. कॉम. झालेला बँकेतला कारकून. तेव्हा मी कुठल्या रकान्यात बसतो हे वेगळं सांगायला नको.

भंडाऱ्याला आमच्या मामाजींकडे पंडित भीमसेन जोशींच्या मैफलींच्या कॅसेटी आहेत. पंडितजी २०११ साली गेले, कॅसेटी राहिल्या. त्यांत शुद्ध कल्याण तीनदा आहे. मी रविवारी वही घेऊन जातो. रकाने आखलेले : आलाप, ताना, तबला, श्रोत्यांचा खोकला. पहिल्या मैफलीत अवरोहातला निषाद मींडेतून नुसता डोकावून जातो. दुसरीत तोच जरा टेकतो. तिसरीत ऐन तानेत कॅसेटची ४५ मिनिटांची बाजू संपते. ती अर्धी तान माझ्या हिशेबात अजून सस्पेन्स खात्यात पडून आहे.

"मामाजी, यातला खरा शुद्ध कल्याण कोणता?"

"काहून रे? बाकीचे दोन खोटे आहेत का?"

तुम्हीच सांगा, गवई तोच, राग तोच. आरोह भूपाचा, अवरोहात तीव्र मध्यम आणि निषाद, हा कायदाही तोच. मग तीन बेरजा तीन कशा?

मामाजींनी पानाला चुना लावला. "तुमच्या बँकेत दोन सह्या अगदी तंतोतंत जुळल्या तर काय समजता?"

"संशय घ्यायचा," मी ऐटीत म्हणालो. "खाली ठेवून गिरवलेली असते. जिवंत हाताची सही दोनदा सारखी येत नाही."

"मग? सवाई गंधर्वांचा हा शिष्य. गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू झालेला महोत्सव यानं आयुष्यभर वाहिला. पण गाताना गुरूची सही कधी गिरवली नाही. अन् स्वतःची तरी काहून गिरवावी?"

मी हसलो नाही. कारण त्याच आठवड्यात पवनीकडचे एक म्हातारे शेतकरी धानाच्या चुकाऱ्याचे पैसे काढायला आले होते. सही नमुन्याशी जुळेना. मी स्लिप परत केली. ते म्हणाले, "सही माहीच आहे जी. हात बुढा झाला." मी पडद्यावरची सही पाहत होतो, त्यांच्याकडे पाहायला वेळ नव्हता. ते निमूटपणे बसस्टँडकडे गेले.

माझं नियमाप्रमाणे चुकलं नव्हतं. सही ताडून पाहायचीच असते. उद्या दुसऱ्याच कुणी पैसे उचलले तर तेच म्हातारे माझ्या काउंटरवर डोकं धरून बसतील. पण मी ताडून काय पाहिलं? अक्षरांची उंची आणि जाडी. नावातल्या शेवटच्या 'र'चं शेपूट नमुन्यात वर वळलेलं होतं, ते थरथरत्या सहीतही तसंच वर वळलेलं होतं. हे मला त्या रविवारी, मामाजींच्या ओसरीत, शुद्ध कल्याणातली ती मींड तिसऱ्यांदा ऐकताना आठवलं. तिन्ही मैफलींत निषादाचं वजन निराळं. षड्जाकडे वळण्याची ओढ मात्र एकच. माणूस बहुधा त्या वळणात राहतो. आकार वयाबरोबर, हवेबरोबर, रात्रीच्या प्रहराबरोबर बदलतो. आणि आपण कुठल्या तरी एका दिवशीचा आकार कार्डावर डकवून म्हणतो, हाच खरा.

दोन दिवसांनी म्हातारे पुन्हा आले. मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खात्यावरच्या फोटोकडे. खुर्ची दिली, पाणी दिलं, सही समोर करून घेतली आणि नव्या नमुन्याचा फॉर्मही भरून घेतला. पैसे मोजून घेताना त्यांनी विचारलं, "आता ही सही चालंल ना जी?"

"चालेल बाबाजी," मी म्हणालो. "पुन्हा बदलली तर पुन्हा घेऊ."

वहीतले रकाने मी अजून खोडलेले नाहीत. सवय आहे, जाता जात नाही. फक्त 'पहिला नंबर' हा रकाना कोरा सोडतो. मामाजींना वाटतं, मी सुधारलो. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तानेचा जमाखर्च लागल्याशिवाय निकाल कसा लावणार?