अनुरूप म्हणजे नेमकं काय?

माझी एक मैत्रीण बँकेत अधिकारी आहे. नवरा आयटीआय झालेला, दुचाकीचं गॅरेज चालवतो. लग्नाला चार वर्षं झाली तरी नातेवाईक विचारतात, "जमतं का गं तुमचं?" तिची जाऊ बारावी झालेली आणि दीर इंजिनिअर. जावेला हे कुणी विचारत नाही. अंतर तसंच आहे, फक्त उलट्या बाजूचं.

म्हणजे आपल्याला अंतर खुपत नाही, बायको वरच्या पायरीवर असणं खुपतं. पण एवढं म्हणून प्रश्न सुटत नाही. बायकोला पुढे जाऊ दिलं, की झालं का सगळं बरोबरीचं?

आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला. बायकोनं शिकावं हा हट्ट त्यांचाच. आज आपण त्यांचं कौतुक करतो. पण लहानपणी त्यांच्याकडून खाल्लेल्या माराची आठवणही आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या पत्रात काढली आहे. बायकोला पुढे नेणारा नवराही तिच्या वाटेचा मालक होऊ शकतो.

दुसरी गोष्ट रखमाबाईंची. अकराव्या वर्षी लग्न झालं, त्या माहेरीच राहून शिकल्या आणि मोठेपणी नांदायला नकार दिला. नवऱ्यानं खटला भरला. १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि नंतर त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. नवरा कमी शिकलेला होता हे खरं, पण त्यांचा प्रश्न त्याहून मोठा होता: कळत नसलेल्या वयात, मला न विचारता झालेलं लग्न मी का मानायचं?

दोन्ही गोष्टींत पदवीपेक्षा महत्त्वाचं हेच, की निर्णय कुणाचा आणि विचारलं कुणाला.

मैत्रिणीच्या लग्नात दोघांना विचारलं गेलं होतं. तरीही एकदा ऑफिसच्या पार्टीत तिनं ओळख करून देताना म्हटलं, "याचा बिझनेस आहे." तो हसला. परतताना गाडी चालवता चालवता म्हणाला, "गॅरेज म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

तिनं हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज बसला होता. लोकांच्या प्रश्नांना चार वर्षं ठणकावून उत्तरं देणारी ती, स्वतःच्याच तोंडून त्यांचं उत्तर देऊन बसली होती.

बायोडेटात आपण 'अनुरूप स्थळ' लिहितो आणि खाली पदवी, पॅकेज, फ्लॅट. मला वाटतं, तिथे एकच प्रश्न पुरेल. या माणसाचं काम आहे त्याच नावानं, चारचौघांत, न अडखळता सांगता येईल का मला?

येणार नसेल, तर पदव्या सारख्या असूनही जोडा विजोडच.