फौजी माणसातला 'पण'

निवृत्त फौजी माणूस गेला की शोकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आयुष्यभर लढाया केल्या, देश-परदेश पाहिला, पण मनानं फार मायाळू.' त्यातल्या 'पण'पाशी मी दर वेळी अडखळतो. पोस्टमास्तर मायाळू असतील तर त्यांच्यासाठी 'पण' लागत नाही. फौजीची माया मात्र त्याच्या पेशाच्या विरोधात, जणू सुट्टीच्या वेळात सांभाळलेली गोष्ट असते, असं आपण धरून चालतो.

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात आठवतात ते इथे. कोल्हापूरकडचे, जन्म १९०६ चा, शिक्षण सँडहर्स्टचं. १९४५ च्या सुरुवातीला आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ इथे जपान्यांशी जी लढाई झाली, तिच्यात तीन भारतीय बटालियनचे प्रमुख भारतीयच होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. तिघांनाही डी.एस.ओ. मिळाली. ती लढाई अगदी जवळून, संगिनींनी लढली गेली. म्हणजे माणूस मारणं म्हणजे काय, हे थोरातांना नकाशावरून कळलेलं नव्हतं.

पुढे आठ वर्षांनी कोरिया. जुलै १९५३ मध्ये युद्धविराम झाला, पण बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. त्यांचा निर्णय होईपर्यंत त्यांना सांभाळायचं काम भारताकडे आलं. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, कैद्यांवरच्या पहाऱ्याचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना आपल्या भूमीवर भारतीय शिपायाचा पायच नको होता, म्हणून आपले सैनिक बंदरातून हेलिकॉप्टरनं निर्लष्करी पट्ट्यात नेले गेले. तिथल्या छावणीला आपल्या लोकांनी नाव दिलं 'हिंदनगर'.

सप्टेंबरअखेर चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून काटेरी तारांच्या आत नेलं. बाहेर बंदुका तयार होत्या. थोरात नि:शस्त्र आत गेले. भोवती आरडाओरडा करणारा जमाव. ते दुभाष्यामार्फत म्हणाले, की चिनी लोकांच्या आतिथ्याबद्दल मी पुष्कळ ऐकलं आहे, आणि इथे पाहुण्याला साधी सिगारेटही कुणी विचारत नाही. कुणीतरी सिगारेट पुढे केली. वातावरण सैल झालं आणि मेजर सुटले.

याला दया म्हणायचं की डावपेच? अडकलेला अधिकारी सोडवायचा होता, हिशेब उघड आहे. तरी मला त्यातलं मागणं महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या हाती सत्ता आहे त्यानं काही देणं सोपं असतं. घेणारा त्यानं आणखी लहान होतो. थोरातांनी मागितलं. त्या क्षणी कैदी यजमान झाला. गेली दोन-तीन वर्षं तारांच्या आत ज्यांना नुसतं मोजलं जात होतं, त्यांच्याकडे कुणाला देण्यासारखं काही आहे, हे एका जनरलनं मान्य केलं. हेतू हिशेबी असला तरी समोरच्याला मिळालेला मान खोटा ठरत नाही, असं मला वाटतं. (पूर्ण खात्री नाही. कान्टच्या भक्तांना हे पटणार नाही.)

मग तो 'पण' काढून तिथे 'म्हणून' घालावा का? कांगॉ पाहिलं होतं म्हणून रिकाम्या हातांनी आत गेले? मोह होतो, पण तसंही नाही. अशाच लढाया पाहून कितीतरी माणसं दगड झाली. आणि त्याच हिंदनगरात, त्या सिगारेटनंतर काही दिवसांतच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, भारतीय पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला. कैदी मेले. पहाऱ्याचे प्रमुख थोरातच होते. त्यांच्या आठवणीतून मी सिगारेट ठेवली आणि गोळीबार वगळला, तर ती श्रद्धांजली होईल; त्यांची आठवण होणार नाही.

१९५४ च्या सुरुवातीला बहुतेक कैद्यांना ज्यांनी पकडलं होतं त्यांच्याच हवाली करण्यात आलं. ऐंशीहून अधिक जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते भारतीय तुकड्यांबरोबर बोटीनं भारतात आले. काही पुढे ब्राझीलला, अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले. ज्यांच्या बंदुकांपुढे पाच महिने काढले, त्यांच्याच बरोबर ते बोटीत चढले. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता फारसा नव्हता, हेही खरं.