कळणे, न कळणे आणि विरोधाचा हक्क

कायदा कळलेला नसताना माणूस त्याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरला, तर त्याच्या विरोधाला किंमत द्यायची की नाही? शिकलेला माणूस या प्रश्नाला चटकन उत्तर देतो, 'आधी वाचून या, मग घोषणा द्या.' हे उत्तर ऐकायला बरोबर वाटते. पण त्याच्या पोटात काय दडले आहे, हे तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी अमेरिकेतील आरोग्यविम्याच्या कायद्याचा इतिहास फार उपयोगी आहे.

अमेरिका श्रीमंत देश. पण सर्व नागरिकांसाठी एकच सरकारी विमा तेथे नाही. ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी 'मेडिकेअर' आणि गरिबांसाठी 'मेडिकेड' या दोन सरकारी योजना १९६५ साली आल्या. बाकीचे बहुतेक लोक नोकरीबरोबर मिळणाऱ्या खासगी विम्यावर अवलंबून. नोकरी गेली की विमा गेला. ज्याला आधीच मधुमेह किंवा कर्करोग आहे, तो स्वतःचा विमा काढायला गेला तर बहुतेक राज्यांत कंपनी सरळ नकार देऊ शकत असे. साडेचार कोटींहून अधिक लोक विम्याविना होते. या परिस्थितीवर इलाज म्हणून बराक ओबामा यांनी आणलेला कायदा प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झाला आणि २३ मार्च २०१० रोजी त्यावर सही झाली. 'ओबामाकेअर' हे त्याचे प्रचलित नाव.

कायदा संमत होण्याआधी, २००९ च्या उन्हाळ्यात, लोकप्रतिनिधींनी आपापल्या मतदारसंघांत सभा घेतल्या. त्या सभांत प्रचंड आरडाओरड झाली. दक्षिण कॅरोलायनातील एका सभेत एका नागरिकाने प्रतिनिधीला बजावले की, सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही. मेडिकेअर ही मुळातच सरकारी योजना! या वाक्यावर सारा देश हसला. ऑगस्टमध्ये सारा पेलिन यांनी 'मृत्युमंडळा'ची आवई उठवली. कोणता म्हातारा जगण्यालायक आणि कोणता नाही, हे सरकारी अधिकारी ठरवणार, अशी ती भीती होती. मसुद्यातील मूळ तरतूद इतकीच होती की, आयुष्याच्या अखेरीस कोणते उपचार हवेत वा नकोत, याविषयी रुग्णाने स्वखुशीने डॉक्टरांशी चर्चा केली, तर त्या वेळेची फी मेडिकेअर देईल. गैरसमजाच्या वादळात ती तरतूद काढून टाकावी लागली. पुढे २०१६ पासून मेडिकेअरने अशा चर्चेचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा कोणतेही मंडळ अवतरले नाही.

एवढे वाचून वाचक म्हणेल, ठरले तर! लोक अडाणी होते आणि विरोध पोकळ होता. पण थोडे थांबू या. मेडिकेअरविषयी ओरडणाऱ्या त्या माणसाचे वाक्य चुकीचे होते. त्याची भीती मात्र संपूर्ण निराधार नव्हती. नव्या कायद्याच्या खर्चाचा मोठा भाग मेडिकेअरकडून रुग्णालये आणि खासगी विमा कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या पैशाची वाढ रोखून उभा करायचा होता. दहा वर्षांत सुमारे ५०० अब्ज डॉलर, असा त्या वेळचा हिशेब होता. वृद्धांचे मूळ हक्क कमी होणार नव्हते, हे खरे. पण आपल्या ताटाजवळ कोणाचा तरी हात येतो आहे, हे त्याने ओळखले होते. तो हात कोणाचा आणि कशासाठी, एवढे त्याला नीट सांगता आले नाही.

आणि सांगता का आले नाही? राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुझान मेटलर यांनी २००८ च्या एका पाहणीच्या आधारे दाखवले की, मेडिकेअरचा लाभ घेणाऱ्यांपैकी जवळजवळ ४० टक्के लोकांनी 'मी कोणतीही सरकारी सामाजिक योजना कधी वापरलेली नाही' असे उत्तर दिले होते. गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्यांत हेच प्रमाण ६० टक्के होते. सरकारची मदत कराच्या कागदांत आणि खासगी कंपन्यांच्या नावाआड अशी लपवलेली असते की, घेणाऱ्याला ती दिसतच नाही. केंटकी राज्याने नव्या कायद्याखाली विम्याचा बाजार उभारला आणि त्याला 'काइनेक्ट' असे स्वतंत्र नाव दिले. २०१४ च्या एका जनमत चाचणीत तेथील ५७ टक्के मतदारांचे ओबामाकेअरविषयी प्रतिकूल मत होते; काइनेक्टविषयी प्रतिकूल मत फक्त २२ टक्क्यांचे. वस्तू एकच, नावे दोन. लोकांचा राग टाळण्यासाठी मुद्दाम वेगळे नाव द्यायचे आणि नंतर लोकांना संबंध कळला नाही म्हणून हसायचे, हे न्यायाचे नाही.

जाणकारांनी तरी खरे सांगितले का? 'तुमचा आत्ताचा विमा तुम्हाला आवडत असेल, तर तो तसाच राहील,' असे आश्वासन ओबामांनी वारंवार दिले. २०१३ च्या अखेरीस लाखो लोकांच्या हातात विमा रद्द झाल्याची पत्रे पडली. कायद्याने ठरवलेल्या किमान अटी त्या जुन्या विम्यांत नव्हत्या. सामान्य माणसाच्या अज्ञानाचा हिशेब मांडताना ही पत्रेही जमेस धरली पाहिजेत.

दंडाची गोष्टही अशीच आहे. आजारी माणसाला नकार देऊ नका, हे कलम लोकांना आवडले. प्रत्येकाने विमा घ्यावा, नाहीतर दंड, हे कलम कमालीचे अप्रिय ठरले. तज्ज्ञ समजावत की, दुसऱ्याशिवाय पहिले टिकणार नाही; कारण आजारी पडल्यावर विमा घेता येत असेल, तर निरोगी माणूस आधी पैसे कशाला भरील? तर्क बिनतोड होता. २०१७ च्या करकायद्याने हा दंड २०१९ पासून शून्यावर आणला. अनेकांनी वर्तवले होते तसा विम्याचा बाजार कोसळला नाही. सरकारी अर्थसाहाय्याने त्याला सावरून धरले. म्हणजे कायदा कसा वागेल, हे तो लिहिणाऱ्यांनाही पुरते कळले नव्हते.

फिलिप फर्नबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वांसाठी एकच सरकारी विमा यांसारखी धोरणे प्रत्यक्षात कशी चालतील, हे पायरीपायरीने सांगा, असे लोकांना सांगितले. सांगता सांगता अनेकांना उमगले की, आपल्याला वाटत होते तेवढे आपल्याला कळलेले नाही. त्यांची मतेही मवाळ झाली, असा निष्कर्ष निघाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या फेरप्रयोगांत मात्र मते मवाळ झाल्याचे आढळले नाही. मला या दोन्ही निष्कर्षांतून एकच गोष्ट दिसते. आपले अज्ञान उघडे पडले तरी माणूस आपली बाजू सोडतोच असे नाही. त्याची बाजू कलमांवर उभी नसते. सरकारवर विश्वास आहे का, शेजाऱ्याच्या आजाराचा खर्च मी का उचलावा, या प्रश्नांवर ती उभी असते. त्यांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात नसतात.

म्हणूनच 'आधी समजून घ्या, मग बोला' ही अट धोक्याची आहे. समज मोजायची कोणी? अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मतदानापूर्वी साक्षरतेची परीक्षा घेतली जाई. हेतू ज्ञानाचा सांगितला जाई; वगळले जात कृष्णवर्णीय. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने त्या परीक्षांना लगाम घातला. स्वातंत्र्याचा कैवारी जॉन स्टुअर्ट मिलसुद्धा १८६१ साली शिकलेल्यांना जास्त मते द्यावीत म्हणत होता. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. पुढे १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम १८ टक्के निघाली, तरी पहिल्या निवडणुकीत निरक्षर माणसाने मत दिले. ज्याच्या अंगावर कायदा येतो, त्याला बोलण्याचा हक्क आहे. बूट कुठे चावतो, हे सांगण्यासाठी चांभारकाम यावे लागत नाही.

मग अज्ञान निर्दोष ठरते का? तसेही नाही. आपला नकार आपल्यापाशीच थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हा कायदा उचलून धरला. पण मेडिकेडचा विस्तार करायचा की नाही, हे राज्यांच्या मर्जीवर सोडले. अनेक राज्यांनी नकार दिला. कायद्याने गृहीत धरले होते की, सर्वांत गरीब प्रौढांना मेडिकेड मिळेल. म्हणून खासगी विम्यासाठीचे साहाय्य दारिद्र्यरेषेच्या वरून सुरू केले होते. परिणाम असा झाला की, नकार देणाऱ्या राज्यांत थोडे कमावणाऱ्याला मदत मिळाली आणि त्याहून गरीब असलेल्या लाखो लोकांना काहीच मिळाले नाही. घोषणा देणारे वेगळे होते, औषधावाचून राहिलेले वेगळे होते.

आता बाजू उलटून पाहू. २०१७ साली हा कायदा रद्द करण्याचा घाट घातला गेला. तेव्हा जूनमध्ये वॉशिंग्टनमधील एका सेनेटरच्या कार्यालयाबाहेर चाकाच्या खुर्चीवरील अपंग नागरिकांनी ठिय्या दिला. पोलिसांनी त्यांना उचलून नेले. मेडिकेडमध्ये कपात झाली, तर घरी राहून जगण्यासाठी मिळणारी मदत जाईल, ही त्यांची कैफियत होती. २८ जुलैच्या पहाटे तो प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. त्या अपंगांनी मसुद्याची सारी पाने वाचली होती का, असे मी स्वतःला विचारून पाहतो, आणि हा प्रश्न मला क्षुद्र वाटतो. मग २००९ च्या म्हाताऱ्याला तोच प्रश्न मी इतक्या सहज का विचारतो? उत्तर कडू आहे. समजेची परीक्षा आपण बहुधा विरोधकाचीच घेतो.

तेव्हा कसोटी बदलली पाहिजे. कायदा करणाऱ्याला विचारावे, 'तू हा लोकांच्या भाषेत सांगितलास का, आणि त्यातला तोटा लपवला नाहीस ना?' आंदोलनाचे नेतृत्व करणाऱ्याला विचारावे, 'तुला खरे ठाऊक असताना तू खोटी भीती पेरलीस का?' पेरली असेल, तर मोठा अपराधी तो. त्याच्या मागे चालणारा नव्हे. आणि रस्त्यावर उतरलेल्या साध्या माणसाला एकच विचारावे, 'तुझे म्हणणे मान्य झाले, तर कोणाचे काय जाईल, हे तू पाहिलेस का?' यासाठी कलमे पाठ असावी लागत नाहीत. शेजारी कोण आजारी आहे, एवढे ठाऊक असावे लागते.