आपापली भाकरी

गेल्या दिवाळींत आमचा पुण्याचा पुतण्या अंबाजोगाईस आला, तेव्हां त्याच्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटविलेली होती. तिची बारीक तार त्वचेखालील द्रवांतील साखर अष्टौप्रहर मोजते आणि आंकडा मोबाइलवर उमटतो. ज्वारीची भाकरी खाल्ल्यावर तो आंकडा असा कांहीं चढला कीं, दुसऱ्या दिवसापासून त्यानें भाकरीच वर्ज्य केली. आमच्या मातोश्रींना हें मुळींच मानवलें नाहीं. "अरे, भाकरीनं कधी कुणाचं वाईट झालंय का?" असें त्यांनीं विचारलें. "आजी, तुझं झालं नसेल; माझं होतंय," एवढेंच तो म्हणाला.

या उत्तरांत केवळ उद्धटपणा आहे, असें आम्हांस वाटलें नाहीं. १९८१ सालीं टोरांटो येथें डेव्हिड जेंकिन्स यांनीं कोणता पदार्थ रक्तांतील साखर किती चढवितो याचें कोष्टक मांडलें, तें खाणाऱ्यांची सरासरी काढून. पुढें २०१५ सालीं इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनीं ८०० माणसांची साखर आठवडाभर अशाच साधनांनीं मोजून ४६,८९८ जेवणांचा हिशेब केला. एकच पदार्थ एकाची साखर चढवितो आणि दुसऱ्याची फारशी हालवीत नाहीं, असें त्यांस आढळलें. इतकेंच नव्हे, तर आंतड्यांतील जंतू, रक्ताची तपासणी व सवयी यांवरून कोणाला काय बाधेल याचें भाकीत पुष्कळ अंशीं करतां आलें. चरकानें आहारविधीच्या आठ गोष्टी सांगतांना शेवटीं 'उपयोक्ता', म्हणजे खाणारा, गणिला आहे. परंतु तेवढ्यावरून सर्व कांहीं आमच्या ग्रंथांत होतेंच, अशी फुशारकी मारण्याचें कारण नाहीं. चरकापाशीं आंकडा नव्हता.

आणि आमची अडचण या आंकड्यापाशींच सुरू होते. भाकीत हातीं आलें कीं दोषही पदरीं आला. कालपर्यंत मधुमेह हें दैव होतें. आतां तो अपराध होऊं पाहत आहे. 'ठाऊक असून खाल्लेंस' हें वाक्य आज माजघरांत ऐकूं येतें, उद्यां विम्याच्या कचेरींत ऐकूं येईल. जाणून केलेल्या चुकीचा दोष अधिक, हें नीतिशास्त्रास मान्यच आहे. पण जें शरीर चुकीस पात्र ठरतें, तें तरी ज्याचें त्यानें घडविलेलें असतें काय?

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता व बाळें यांचा जो अभ्यास चालविला, तो येथें आठवतो. तेथील बाळांचें जन्मतः सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बाळांचें ३.५, परंतु आपलें बाळ हाडापेरानें लहान असूनही त्या मानानें त्याच्या अंगीं चरबी अधिक. २००४ सालीं याज्ञिकांनीं आपलें व जॉन युडकिन या मित्राचें छायाचित्र 'लॅन्सेट'मध्यें छापलें. उंची व वजन यांचा निर्देशांक दोघांचाही २२.३, चरबी मात्र मित्राची ९.१ टक्के आणि त्यांची स्वतःची २१.२! मातेच्या पोषणाचा लेख असा मुलाच्या देहांत उतरतो. आमचा धाकटा भाऊ, म्हणजे या पुतण्याचा बाप, १९७३ चा. त्या दुष्काळांत मातोश्रींनीं मिलोच्या तांबड्या भाकरीवर दिवस काढले. तेव्हां 'माझं होतंय' यांतील 'माझं' कोठें सुरू होतें?

आमच्या बीड जिल्ह्यांतून दरसाल दसऱ्यानंतर ऊसतोडीचे कोयते कारखान्यांकडे निघतात. उचल आधींच घेऊन खर्चलेली असते. लोकांच्या चहांत जी साखर पडते तिचा ऊस तोडणाऱ्या त्यांतल्या गरोदर बाईच्या दंडाला कोणी चकती लावणार नाहीं; पहांटे थापलेली भाकरी ती फडांत सवडीनें खाते. तिच्या मुलाचें भाकीत कोणत्याही यंत्राशिवाय तेथें लिहिलें जात असावें. सुखवस्तु तरुणाला केळें सोसतें कीं बिस्किट, हें ठरविण्यांत एवढी बुद्धि खर्च होत असतां, या बाईच्या पानांत काय पडतें हें विचारणें ज्या शास्त्राला सुचत नाहीं, त्यानें व्यक्तीचें नांव कशाला घ्यावें? हा राग शास्त्रावर काढणें कदाचित् अन्यायाचें असेल. पण तो येतो खरा.

पुतण्या निघाला त्या दिवशीं चकतीची चौदा दिवसांची मुदत संपली होती. मातोश्रींनीं त्याच्या पानांत अर्धीच भाकरी आणि वाटी भरून मटकीची उसळ वाढली. त्यानें ती निमूटपणें खाल्ली. साखर किती चढली, हें या वेळीं कोणालाच कळलें नाहीं.