बावन्न दिवसांची सुट्टी

(चिंतनासाठी वाचन : नहेम्या, अध्याय १ ते ६)



परीक्षा संपल्या की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "सुट्टीत काय करणार?" कॉम्प्युटरचा कोर्स, इंग्रजी संभाषणाचा क्लास, एखाद्या कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप. पुढे नोकरीच्या अर्जात लिहिता येईल असे काहीतरी हवे असते. आईवडिलांची ही काळजी रास्त आहे. मात्र या यादीत आणखी एका शाळेची भर घालावी असे आज आम्हांला सुचवायचे आहे.

अमेरिकेत जून ते ऑगस्टच्या सुट्टीत कॉलेजचे काही विद्यार्थी लोकसंघटनेच्या कामात उमेदवारी करतात. आठ-दहा आठवडे, बहुधा थोड्याशा मानधनावर. हे विद्यार्थी कपडे किंवा धान्य वाटत नाहीत. ते एका वेळी एकाच माणसासमोर अर्धा-पाऊण तास बसतात आणि त्याचे ऐकतात. तुम्हांला रात्री झोप कशामुळे लागत नाही? हे बदलावे म्हणून तुम्ही कोणाबरोबर उभे राहाल? मग एखाद्याच्या घरी दहा-बारा शेजाऱ्यांची बैठक होते. निर्णय कोणाच्या हातात आहे याचा शोध घेतला जातो. शेवटी अधिकाऱ्यांसमोर सभा होते. तिथे विद्यार्थी मागे बसतो, बोलतात ती वस्तीतली माणसे.

या कामाचे आपल्या ख्रिस्तसभेशी जुने नाते आहे. शिकागोत कत्तलखान्यांच्या मागे 'बॅक ऑफ द यार्ड्स' नावाची कामगारवस्ती होती. तिथे पोलिश, लिथुएनियन, आयरिश अशी प्रत्येकाची चर्च वेगळी आणि मनेही वेगळी. १९३९ साली सॉल अलिन्स्की या ज्यू कार्यकर्त्याने तेथील धर्मगुरूंना आणि कामगार संघटनेला एका छताखाली आणले. साहाय्यक बिशप बर्नार्ड शील त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे १९६९ साली अमेरिकेच्या बिशपांनी गरिबांच्या स्वतःच्या संघटनांना बळ देण्यासाठी एक राष्ट्रीय मोहीम सुरू केली. नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले बराक ओबामा १९८५ मध्ये शिकागोत संघटक म्हणून आले, तेव्हा त्यांच्या प्रकल्पाला या मोहिमेची मदत होती आणि त्यांचे कार्यालय एका कॅथलिक चर्चच्या आवारात होते.

या कार्यकर्त्यांचा एक कडक नियम आहे : जे लोक स्वतः करू शकतात ते त्यांच्यासाठी आपण करायचे नाही. आपल्याला हा नियम परका वाटू नये. पोप पायस अकरावे यांनी १९३१ सालीच शिकवले होते की, लहान समूहाला जे जमते ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेणे हा अन्याय आहे.

आता नहेम्याकडे वळू या. तो शूशनच्या राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार होता. सुखाची नोकरी होती. यरुशलेमचा तट पडला आहे आणि वेशी जळाल्या आहेत हे त्याने ऐकले. तो रडला, त्याने उपवास केला, प्रार्थना केली आणि राजाकडून रजा मागून निघाला. यरुशलेमेस पोहोचल्यावर त्याने भाषण केले नाही. तीन दिवस तो गप्प राहिला. मग रात्री मोजकी माणसे बरोबर घेऊन ते पडके तट त्याने स्वतः फिरून पाहिले. त्यानंतरच तो लोकांशी बोलला आणि उठून बांधू या असे लोकांनीच ठरवले.

तिसरा अध्याय आपण बहुधा नावांची लांबलचक यादी म्हणून ओलांडून जातो, पण तिथेच खरे काम दिसते. याजकांनी एक वेस बांधली. सोनार आले, गंधी आले. शल्लूम आपल्या मुलींना घेऊन आला. कितीतरी जणांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. तकोवा गावचे लोक राबले, पण त्यांच्या सरदारांनी मान वाकवली नाही, हेही शास्त्राने लिहून ठेवले आहे. आणि तट बावन्न दिवसांत पुरा झाला. बावन्न दिवस म्हणजे आपल्या मुलांची एक सुट्टी!

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९८० च्या दशकात हेच वचन पुन्हा जिवंत झाले. ओसाड पडलेल्या वस्त्यांतील चर्चेसनी एकत्र येऊन आधी लहान कामे हाती घेतली : रस्त्यांच्या नावांच्या पाट्या, दुकानांतला खराब माल. मग एका बाप्टिस्ट पाळकाने नहेम्यावर प्रवचन केले आणि घरबांधणीच्या मोठ्या योजनेला त्याचेच नाव मिळाले. कॅथलिक बिशप म्युगावेरो यांनी तिला पाठबळ दिले. सामान्य कष्टकऱ्यांसाठी हजारांहून अधिक घरे उभी राहिली.

हे आपल्याकडे होईल का? आपल्या वसईने १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या चळवळीत हे अनुभवले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ साली प्रभूघरी गेले, पण त्यांच्याबरोबर चाललेले आजी-आजोबा आजही आपल्या बाकांवर बसतात. मुंबईचे निर्मला निकेतन हे धर्मभगिनींनी १९५५ साली सुरू केलेले समाजकार्य महाविद्यालय, तिथेही विद्यार्थी वर्गाबाहेर वस्तीत जाऊन शिकतात. वाट नवी नाही. फक्त आपल्या धर्मग्रामातल्या मुलामुलींनी तीवर पाऊल टाकायला हवे.

कल्पना करू या. मे महिन्यात आपली चार मुले-मुली दोघादोघांनी निघाली आहेत. प्रभूनेही बाहत्तर शिष्यांना असेच जोडीने, रिकाम्या हातांनी पाठवले होते. ती विचारतील : २०१८ च्या जुलैत पाणी कोणाच्या घरात शिरले? कोणती बावखले बुजवली? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला प्यायचे पाणी किती दुरून आणावे लागते? आणि मग एखाद्या संध्याकाळी ती घरी येऊन आपल्याच वडिलांना विचारतील : "पप्पा, त्या चाळीचे भाडे आपणच घेतो ना?"

इथे आपली खरी परीक्षा आहे. पाचव्या अध्यायात गरिबांचा आक्रोश शत्रूविरुद्ध नाही, आपल्याच सावकार बांधवांविरुद्ध आहे. नहेम्याने तो दडपला नाही. त्याने सभा बोलावली, आपणही धान्य व पैसा उसने देतो हे सर्वांसमोर सांगितले आणि गहाण पडलेली शेते परत करायला लावली. तटाचे काम चालू असतानाच हे घडले. बाहेरचा तट बांधायचा आणि आत भाऊ भावाला गिळत असेल तर तो तट कोणासाठी?

काहीजण म्हणतील, हे राजकारण झाले. पक्षाचा झेंडा खांद्यावर घ्या असे आम्ही म्हणत नाही. शेजाऱ्याचे दुःख ऐकून त्याला स्वतःच्या तोंडाने बोलण्याचे धैर्य देणे हे प्रीतीच्या आज्ञेचेच पालन आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू या. सुट्टी संपेल, मुले कॉलेजात परततील. त्यांच्या नावाची पाटी मागे राहणार नाही. पण कधीच न बोललेली एखादी बाई नगरपालिकेच्या दारात चार शेजारणी घेऊन उभी राहिली, तर ते बावन्न दिवस सत्कारणी लागले.

पालकांनो, या उन्हाळ्यात एका तरी मुलाला जाऊ द्या. युवकांनो, बोलण्याआधी तीन दिवस गप्प राहायला शिका. आणि आपल्या लहान ख्रिस्ती समूहांनी, मुले दारात आली की चहाबरोबर खरे उत्तरही द्यावे.

प्रार्थना : हे प्रभू, पडक्या तटांवरून रात्री चालण्याचे धैर्य आमच्या मुलांना दे. त्यांनी विचारलेला प्रश्न ऐकण्याची नम्रता आम्हां मोठ्यांना दे. आमच्या घरासमोरचा भाग आमच्याच हातांनी बांधून घे. आमेन.